'३१ मार्चच्या आत सोलर बसवा' म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यावं

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अंबडला तुमची भागीदारी फर्म आहे, यजमान आणि धाकटे दीर भागीदार आहेत, वाहनांचे सुटे भाग बनतात आणि वीजबिल महिन्याला साडेतीन लाखांच्या घरात जातं. सोलरवाला म्हणतो छतावर २०० किलोवॅट टाका, ३१ मार्चच्या आत टाकलंत तर ४० टक्के घसारा (यंत्राची किंमत वर्षावर्षाने खर्चात धरून मिळणारी वजावट) मिळेल. दुसरा एक जण गटाच्या कॅप्टिव्ह प्रकल्पात (अनेक कारखान्यांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी काढलेल्या वीजप्रकल्पात) शेअर घ्या म्हणून मागे लागलाय. सिन्नर तालुक्यातली थोरल्या दिरांची १२ एकर जमीन एका कंपनीला २९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने हवी आहे. शिवाय मामेसासऱ्यांना साक्रीकडच्या एका जुन्या पवनचक्कीत भागी घ्यायची आहे. यातलं करासाठी कोणतं चांगलं, असं तुम्ही विचारलंत.

नाशिकमध्ये चोवीस वर्षं सीए म्हणून काम करतोय, त्या अनुभवावर सांगतो. हा प्रश्न आधी थोडा फिरवून घ्या. करासाठी म्हणून यातलं काहीच करू नका. कारखान्याची वीज कोणत्या वेळी लागते, गुंतवणूक कोणाच्या नावावर होणार आणि कोणत्या तारखेला ती चालू होणार, ही तीन उत्तरं मिळाली की कराचं गणित आपोआप पडतं. या तिन्हींत चूक झाली तर कोणताही सीए ती रिटर्न भरताना दुरुस्त करू शकत नाही.

मार्चपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्यावर तोच दबाव आहे.

सौरसंचावरचा घसारा घटत्या शिल्लक पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर, वर्षाला ४० टक्के मिळतो. पूर्वी तो ८० टक्के होता, १ एप्रिल २०१७ पासून ४० वर आला. मात्र संच त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला गेला तर घसारा निम्माच मिळतो. ३१ मार्चपासून मागे मोजत गेलात तर १८० दिवस ३ ऑक्टोबरला भरतात. म्हणजे ३ ऑक्टोबरनंतर चालू झालेल्या संचाला त्या वर्षी २० टक्के. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बसवून ४० टक्के मिळतील हे सांगणं चूक आहे.

तुमची फर्म उत्पादन करते, त्यामुळे नव्या यंत्रसामग्रीवर २० टक्के अतिरिक्त घसारासुद्धा मिळू शकतो. तोही उशिरा चालू झालेल्या संचाला निम्मा, म्हणजे १० टक्के, आणि उरलेला १० टक्के पुढच्या वर्षी. भागीदारी फर्मला हा फायदा आहे. ज्या कंपन्यांनी २२ टक्क्यांचा सवलतीचा दर घेतला आहे त्यांना अतिरिक्त घसारा मिळत नाही, त्यामुळे सातपूरच्या तुमच्या ओळखीच्या कंपनीचं गणित तुमच्यासाठी तसंच्या तसं उचलू नका.

आता आकडे मांडतो. समजण्यापुरतं धरू की जीएसटी सोडून २०० किलोवॅटचा खर्च ९० लाख आहे आणि फर्मचा कर उपकरासह ३१.२ टक्के आहे (उत्पन्न एक कोटीच्या वर गेलं तर अधिभार वेगळा). संच मार्चअखेर चालू झाला तर या वर्षी घसारा ३० टक्के, म्हणजे २७ लाख, आणि कर वाचला सुमारे ८ लाख ४२ हजार. पुढच्या वर्षी उरलेल्या ६३ लाखांवर ४० टक्के आणि मागचे अतिरिक्त १० टक्के मिळून ३४ लाख २० हजार, कर वाचला १० लाख ६७ हजार. तोच संच एप्रिलमध्ये चालू झाला तर या वर्षी काहीच नाही, पण पुढच्या वर्षी एकदम ५४ लाख घसारा आणि १६ लाख ८५ हजारांची करबचत.

म्हणजे मार्चचा फायदा खरा आहे, पण तो वेळेचा फायदा आहे. सव्वाआठ-साडेआठ लाख एक वर्ष आधी हातात येतात, आणखी सव्वादोन लाख थोडे लवकर येतात, आणि पुढच्या वर्षांत हा फरक हळूहळू भरून निघतो, कारण एकूण घसारा शेवटी ९० लाखांचाच आहे. दहा टक्के व्याजाने पाहिलंत तर त्या घाईची किंमत लाखभराच्या आसपास येते. मार्चच्या गर्दीत किलोवॅटमागे हजार रुपये जास्त मोजलेत तर दोन लाख तिथेच जातात. स्ट्रक्चरचं (पॅनेलखालच्या सांगाड्याचं) काम घाईत झालं तर त्याची किंमत पहिल्या वादळात कळते.

तारखेबाबत आणखी एक गोष्ट, आणि ती मला फार मोलाची वाटते. घसारा 'वापरात आणल्या'च्या तारखेपासून मिळतो, बिलाच्या तारखेपासून नाही. माझ्या एका अशिलाचे पॅनेल २५ मार्चला छतावर चढले, इन्व्हर्टर भिंतीवर बसले, विक्रेत्याने पूर्ण रकमेचं बिल दिलं. नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) मात्र १९ एप्रिलला बसला. आम्ही मार्चच्या वर्षात घसारा धरला होता, चौकशीत अधिकाऱ्यांनी वीजनिर्मितीचा पुरावा मागितला आणि आमच्याकडे दाखवायला एक युनिटही नव्हतं. तो घसारा त्या वर्षी गेला, वर व्याज लागलं. तेव्हापासून मी अशिलांना सांगतो की मीटर बसवल्याचा अहवाल, संयुक्त तपासणीचा कागद आणि इन्व्हर्टरच्या पहिल्या दिवसाच्या निर्मितीची नोंद, हे तिन्ही एका फाईलला लावा. बिलापेक्षा ही फाईल जास्त कामाची.

आता नाव कोणाचं, यावर या. तुम्ही लिहिलंत की शेडची जागा सासऱ्यांच्या नावावर आहे आणि कर्ज यजमानांच्या नावाने स्वस्त मिळतंय. मोह होणं साहजिक आहे. पण बिल यजमानांच्या नावाने आलं तर फर्मला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळणार नाही, कारण बिलावर फर्मचा जीएसटी क्रमांक नसेल. घसाराही वादात सापडेल, कारण मालक एक आणि वीज वापरणारा दुसरा. यजमानांना धंदा म्हणून तो दाखवायचा तर त्यांनी फर्मला वीज विकली असा अर्थ निघतो आणि त्यातून नवीच गुंतागुंत उभी राहते. वीजजोडणी, ऑर्डर, बिल, पैसे देणारं खातं आणि ताळेबंदातली मालमत्ता, सगळं फर्मच्याच नावाने ठेवा. सासऱ्यांकडून छत वापरण्याचा साधा लेखी करार करून घ्या. जागा एमआयडीसीची असेल तर भाडेपट्ट्याच्या अटी वाचा, विशेषतः विकासक स्वतःच्या खर्चाने छतावर संच लावून तुम्हाला युनिटच्या दराने वीज देणार असेल तर. कारण तेव्हा छताचा ताबा तिसऱ्याकडे जातो.

कोणाला आगाऊ रक्कम रोखीने देऊ नका. मालमत्तेसाठी एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरलीच जात नाही. जुने सिमेंटचे पत्रे बदलावे लागले तर तो खर्च इमारतीचा आहे. सोलरच्या बिलात तो घुसवून ४० टक्के घ्यायला जाऊ नका. संच चालू होईपर्यंतचं कर्जाचं व्याज किमतीत मिळवायचं आणि नंतरचं खर्चाला टाकायचं.

जीएसटीचं तुमच्यासाठी सोपं आहे. पुरवठा आणि उभारणी एकत्र असेल तर किमतीचा ७० टक्के भाग माल आणि ३० टक्के सेवा धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि सेवेवरचा १८ तसाच राहिला, त्यामुळे एकूण दर १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर उतरला. जुन्या कोटेशनमध्ये १३.८ लिहिलेलं असेल तर ते बदलून घ्या. ९० लाखांवर सुमारे ८ लाख जीएसटी लागेल आणि तुमचे सुटे भाग करपात्र असल्याने त्याचं पूर्ण क्रेडिट मिळेल. फक्त जीएसटीची रक्कम किमतीत धरून त्यावर घसारा घेऊ नका. दोन्हीकडून फायदा घेता येत नाही, आणि ही चूक लेखनिकाच्या हातून नेहमी होते.

थोरल्या दिरांना मात्र हे लागू नाही. त्यांच्या शीतगृहात द्राक्षं ठेवायचं भाडं घेतात असं तुम्ही लिहिलंत. शेतमाल साठवण्याची सेवा जीएसटीमुक्त आहे, म्हणून तिथे बसवलेल्या सोलरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो सगळा खर्चात जातो. विजेची विक्री करणाऱ्यांचीही हीच अडचण असते. वीज करमुक्त, म्हणून प्रकल्पावर भरलेला जीएसटी अडकून राहतो आणि शेवटी युनिटच्या दरात येऊन बसतो.

घसारा, जीएसटी, नाव हे सगळं बाजूला ठेवलं तरी विक्रेत्याच्या तक्त्यात एक मोठी चूक असते, आणि ती बहुतेक सगळ्या तक्त्यांत एकाच जागी सापडते. तो लिहितो की संच ९० लाखांचा, घसाऱ्याने वाचलेला कर २८ लाख, म्हणजे तुमचे गेले ६२ लाख. वर्षाला २ लाख ८० हजार युनिट, ७ रुपये दराने १९ लाख ६० हजारांची बचत. सव्वातीन वर्षांत पैसे परत.

२८ लाखांचा आकडा बरोबर आहे. पण जी १९ लाख ६० हजारांची वीज तुम्ही विकत घेतली नाही, तेवढा खर्च तुमच्या नफा-तोटा पत्रकातून गेला. नफा तितकाच वाढला आणि त्यावर ३१.२ टक्के कर बसला. हातात राहिले साडेतेरा लाख. ६२ लाखांना साडेतेरा लाखांनी भागा, साडेचार वर्षांच्या वर येतात. घसाऱ्याचा फायदा धरायचा आणि बचतीवरचा कर विसरायचा, हे गणित बरोबर नाही. तरीही साडेचार-पाच वर्षं वाईट नाहीत, संच पंचवीस वर्षं टिकणार असेल तर अजिबात नाहीत. पण सव्वातीन वर्षांच्या भरवशावर हप्ता ठरवलात तर चौथ्या वर्षी खेळतं भांडवल कमी पडेल.

हे सगळं ७ रुपये खरे असतील तर. इथे वीजबिलाकडे नीट पाहा. बिलातला डिमांड चार्ज (कारखान्याच्या कमाल भारावरचा आकार) सोलरने कमी होत नाही, कमी होतात फक्त युनिट. आणि त्या युनिटची किंमत आता वेळेवर ठरते. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांत दिवसाच्या सौर तासांत दर कमी आणि संध्याकाळच्या मागणीच्या वेळी जास्त, असं तत्त्व आलं. राज्याच्या २०२५ च्या दरआदेशात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे सौर तास धरून त्यात उद्योगांना सूट दिली आहे. म्हणजे सोलर जी वीज वाचवतं ती दिवसातली सर्वांत स्वस्त वीज आहे. तुमच्या बिलावर झोननुसार युनिट छापलेले असतात. बारा महिन्यांची बिलं घ्या आणि फक्त ९ ते ५ च्या युनिटची बेरीज करा. सोलरचा आकार त्या बेरजेवरून ठरतो, छताच्या क्षेत्रफळावरून नाही.

तुमच्याकडे दोन पाळ्या चालतात आणि भट्टी रात्री पेटते, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या बिलाच्या अंदाजाने मला २०० किलोवॅट मोठं वाटतं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दिवाळीत, ऑर्डर कमी असताना जी वीज वर जाईल तिचा मोबदला ग्रिडमधून विकत घेतलेल्या विजेच्या दराने मिळेल हे गृहीत धरू नका. माझ्या मते १२० किलोवॅटच्या आसपास सुरुवात करा. स्ट्रक्चर पुढे वाढवता येईल असं ठेवा. एक किलोवॅट आपल्याकडे वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो, पण नाशिकचे जुलै-ऑगस्ट त्यात लंगडे असतात. घोटी-इगतपुरीकडच्या छतांवर तर त्याहून जास्त.

आणि गारपीट. निफाड-सिन्नर पट्ट्यात द्राक्षबागांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये जे होतं ते पॅनेललाही होतं. विम्यात गारपीट आणि वादळ हे शब्द नावानिशी आहेत ना, हे स्वतः वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. विम्याची रक्कम मिळाली तर ती घसाऱ्याच्या शिलकीतून वजा होते, हेही लक्षात असू द्या.

आता गटाच्या कॅप्टिव्हकडे येतो. यात प्रकल्प दूरवर असतो, कंपनी वेगळी असते, तुम्ही तिचे शेअर घेता आणि तिची वीज वापरता. २००५ च्या वीज नियमांनुसार वापरकर्त्यांनी मिळून किमान २६ टक्के मताधिकाराचे शेअर धरले पाहिजेत आणि निर्माण झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वीज वर्षभरात वापरली पाहिजे. त्याचा मोठा फायदा असा की क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेसाठी उद्योगांकडून घेतला जाणारा आकार) लागत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये कॅप्टिव्ह वापरकर्त्यांना अतिरिक्त अधिभारही (वितरण कंपनीऐवजी बाहेरून वीज घेतल्याबद्दलचा) लागत नाही असा निर्णय दिला. व्हीलिंग (दुसऱ्याच्या तारांतून वीज आणण्याचं शुल्क), वहनातली तूट वगैरे मात्र भरावंच लागतं.

धोका आहे तो पुढच्या निर्णयात. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी दक्षिण गुजरात वीज कंपनी विरुद्ध गायत्री शक्ती पेपर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा कंपन्यांतही ज्याचा शेअर जितका, त्याचा विजेचा वापर त्या प्रमाणात हवा, फरक १० टक्क्यांपर्यंत चालेल. मालकीची अटही वर्षभर टिकली पाहिजे, वर्षअखेरीस दाखवण्यापुरती नाही. पात्रता दरवर्षी तपासली जाते. एखादं वर्ष चुकलं तर अधिभाराची मागणी येते, आणि चूक तुमचीच असेल असं नाही. गटातल्या दुसऱ्या कारखान्याने वीज कमी उचलली, तरी भोगावं तुम्हाला लागू शकतं. म्हणून करारात एकच गोष्ट आधी शोधा. पात्रता गेली तर अधिभार कोण भरणार? तिथे विकासकाची हमी नसेल तर युनिटचा दर कितीही गोड असू द्या, सही करू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, जो विक्रेत्याने तुम्हाला सांगितला नसणार. भागीदारी फर्मच्या नावावर कंपनीचे शेअर नोंदवता येत नाहीत, कारण कंपनी कायद्याच्या दृष्टीने फर्म ही स्वतंत्र व्यक्ती नाही. शेअर भागीदारांच्या नावावर जातील आणि वीजजोडणी फर्मच्या नावावर असेल. मग वापरकर्ता कोण आणि मालक कोण? हा प्रश्न तपासणीच्या टेबलावर सोडवत बसण्यापेक्षा आधी विकासकाच्या वकिलाकडून लेखी उत्तर घ्या. पुढेमागे एलएलपी (मर्यादित दायित्वाची, कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असलेली भागीदारी) करायचा विचार असेल तर आधी ते करा, मग शेअरचं बघा. आणि या मार्गात घसारा तुम्हाला मिळत नाही, तो प्रकल्पाच्या कंपनीला मिळतो. तुमचा फायदा फक्त युनिटच्या दरातला. विक्रेत्याने दोन्ही दाखवले असतील तर त्याच्यापुढे करार ठेवून विचारा.

काही माहितीपत्रकांत वीजनिर्मितीवर दहा वर्षं करमाफी किंवा नव्या कंपनीला १५ टक्के कर असं अजूनही छापलेलं असतं. पहिली सवलत ३१ मार्च २०१७ पर्यंत चालू झालेल्या प्रकल्पांना होती, दुसरी ३१ मार्च २०२४ पर्यंत. दोन्ही दारं बंद झाली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांकही बदलतात, म्हणून मी मुद्दाम आकड्यांऐवजी विषय सांगतोय.

थोरल्या दिरांच्या जमिनीचा विषय मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. फर्मची चूक दोन-चार वर्षांत निस्तरते, जमिनीची पुढच्या पिढीला लागते.

भाव ठरवायला तुलना हवी असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. १२ एकर म्हणजे साधारण ४.८६ हेक्टर, वर्षाचे ६ लाख ७ हजारांच्या आसपास. खासगी कंपनी यापेक्षा कमी देत असेल किंवा वाढ देत नसेल तर का, हे विचारा.

हे भाडं शेतीउत्पन्न नाही. जमीन शेतीसाठी वापरली गेली तरच तिचं भाडं शेतीचं उत्पन्न धरतात, पॅनेलखालची जमीन त्यात बसत नाही. त्यामुळे ते करपात्र, आणि इमारत नसल्याने घरभाड्यासारखी ३० टक्के वजावटही नाही. ते 'इतर उत्पन्ना'त येतं. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट असल्याने थोरल्या दिरांना, म्हणजे भाऊंना, कदाचित कर लागणार नाही, पण रिटर्न भरावंच लागेल. द्राक्षांचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दर ठरवताना ते मोजलं जातं. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर गेलं तर कंपनी १० टक्के टीडीएस कापेल. तुमच्या १२ एकरांचा आकडा नेमका त्या रेषेवर आहे. सातबाऱ्यावर तिघांची नावं असतील तर हिस्स्याप्रमाणे तीन वेगळ्या खात्यांत भाडं मागा. सगळं भाऊंच्या खात्यात घेऊन नंतर घरात वाटणी केली तर कर भाऊंच्या माथी आणि वाद घराच्या.

सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे का, जमीन भोगवटादार वर्ग २ (हस्तांतराला सरकारी परवानगी लागणारी) आहे का, हे पाहा. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे कोणी असा व्यवहार करत असेल आणि जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६अ खाली परवानगी लागते, त्याशिवाय भाडेपट्टासुद्धा टिकत नाही.

पट्टा २९ वर्षांचाच का मागतायत, तेही समजून घ्या. १० वर्षांहून जास्त पण २९ वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला जमिनीच्या बाजारमूल्याच्या ५० टक्के रकमेवर मुद्रांक शुल्क मोजतात, त्यापुढे ९० टक्क्यांवर. म्हणून आपल्याकडे २८ वर्षं ११ महिने असा काळ लिहायची पद्धत पडली आहे. पण 'आणखी १० वर्षं वाढवता येईल' असं स्पष्ट लिहिलं तर तीही वर्षं मुदतीत धरली जातात. शुल्क कोण भरणार हे करारात असू द्या. नोंदणी झाल्याशिवाय ताबा देऊ नका.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक विचारतात. गावाकडची शेतजमीन विकली तर एरवी भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण ती 'भांडवली मालमत्ता' या व्याख्येतच येत नाही. वीस-पंचवीस वर्षं पॅनेल उभे राहिल्यावर ती शेतजमीन आहे असं म्हणणं अवघड होतं. शेतजमीन विकून दुसरी घेण्याची सवलत मिळवायलाही विक्रीआधीची दोन वर्षं ती शेतीसाठी वापरलेली असावी लागते. भाऊंच्या मुलांना पुढे ती विकायची असेल तर हा कर आजच्या भाड्याच्या सौद्यातच दडलेला आहे. म्हणून सगळे १२ एकर देऊ नका. विहिरीजवळचा भाग शेतीला ठेवा आणि माळरानाचा तुकडा वेगळ्या गटात मोजून घ्या.

पवनचक्कीचं थोडक्यात सांगतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर ज्यांनी त्या काळात चक्क्या घेतल्या, त्यांना ८० टक्के घसारा मिळत होता आणि २००३ च्या आदेशाने युनिटला साडेतीन रुपये, दरवर्षी १५ पैसे वाढ, असा १३ वर्षांचा दर होता. तो घसारा वापरून झाला, तो करारही संपला. आज त्या चक्कीची वीज कोण, कोणत्या दराने घेतं, मागची येणी किती महिन्यांची थकली आहेत आणि गिअरबॉक्सचे भाग कुठून येतात, हे मामांनी विचारलं आहे का? जुन्या यंत्रावर अतिरिक्त घसारा नाही. मामांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याला वाटतंय की चक्कीचा तोटा पगारातून वजा होईल. धंद्याचा तोटा पगारातून वजा होत नाही. माझं मत स्पष्ट आहे, नको.

तर तुमच्यासाठी क्रम असा लावतो. मार्चची घाई सोडा. बारा महिन्यांच्या बिलांतून ९ ते ५ चे युनिट काढा, १२० किलोवॅटच्या आसपास तीन कोटेशन मागवा, पॅनेल सरकारच्या मान्य यादीतली आहेत हे त्यावर लिहून घ्या, आणि शेवटचा १० टक्के हप्ता मीटर बसल्यावरच देईन ही अट घाला. ऑर्डर एप्रिलमध्ये, पावसाआधी स्ट्रक्चर, आणि मीटर काही झालं तरी सप्टेंबर संपायच्या आत, म्हणजे ३ ऑक्टोबरची रेषा ओलांडायची वेळ येणार नाही. कॅप्टिव्हवाल्याला अधिभाराच्या हमीचं आणि भागीदारांच्या शेअरचं लेखी उत्तर मागा, ते येईपर्यंत थांबा. भाऊंच्या करारात पायाचं काँक्रीट काढून जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी कंपनीची, आणि त्यासाठी बँक हमी, हे कलम नसेल तर मसुदा परत पाठवा. मला बिलं पाठवाल तेव्हा डिमांडचं पानही जोडा, फक्त पहिलं पान नको.